भट्टीवरची हाक

येडशीच्या अलीकडच्या त्या गावात खव्याच्या भट्ट्या काही कमी नाहीत, पण द्वारकाबाईंच्या भट्टीचा तोरा वेगळा. चाळीस वर्षं दूध आटवलं बाईंनी. दूध घट्ट होत आलं की त्या कढईवर जराशा वाकायच्या, नाकानं श्वास ओढायच्या आणि म्हणायच्या, "उतरवा." त्याच्या अलीकडे खवा कच्चा, पलीकडे करपट. ही हाक द्यायचा मान भट्टीच्या मालकिणीचा. सासू जिवंत होती तोवर चौदा वर्षं द्वारकाबाईंनी तोंड उघडलं नव्हतं. मग त्यांची सून शिवकन्या कशाला उघडेल?

गेल्या श्रावणात बाई तापानं फणफणल्या. त्यातून उठल्या तेव्हा नाक जागेवर होतं, पण वास गेला होता. फोडणी कळेना, गोठा कळेना. बाईंनी कुणाला सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. पूर्वीसारख्याच वाकायच्या, श्वास ओढायच्या आणि अंदाजानं हाक द्यायच्या. नवल म्हणजे खवा बिघडला नाही. चाळीस वर्षं मुरलेल्या बाईला नाक कशाला लागतंय, असं त्यांना वाटायला लागलं. थोडी घमेंडच म्हणा. पण रोज कढईपुढं भीती वाटायची ती वाटायचीच.

अशात मुलानं, बालाजीनं, यंत्राचा विषय काढला. धाराशिवला सरकारी खर्चानं एक चाचणी केंद्र उभं राहिलं होतं. आपलं दूध घेऊन जायचं, तिथल्या यंत्रावर चार दिवस फुकट करून बघायचं, पटलं तर पुढं स्वतःचं घ्यायचं. ढवळायला मोटर, उष्णता आणि ओल मोजायला उपकरणं. खवा कधी उतरवायचा हे एकदा शिकवलं की यंत्र आपणहून थांबतं. बाईंनी लगेच होकार दिला आणि बालाजी चाट पडला. घरात मिक्सर यायला याच बाईनं सहा वर्षं लावली होती. यंत्र शिकलं की आपल्या हाकेची गरज उरणार नाही आणि नाकाची गोष्ट कुणाला कळणार नाही, हे बाईंच्या मनातलं त्या बिचाऱ्याला काय ठाऊक?

दूध घेऊन बाई, बालाजी आणि शिवकन्या केंद्रात गेले. तिथं शिवप्रिया नावाची तरुण इंजिनिअर होती. "मावशी, तुम्ही कढईपाशी उभ्या राहा," ती म्हणाली. "खवा झाला की उतरवा म्हणा, मी बटण दाबते. यंत्र तेवढं लक्षात ठेवील."

दूध आटत आलं. द्वारकाबाई वाकल्या, श्वास ओढला. मन म्हणालं, अजून नाही. मागं शिवकन्या पदराचं टोक पिळत उभी होती. बाई थांबल्या, आणखी थांबल्या. दाराशी बसलेला शिपाई आत डोकावला आणि म्हणाला, "काही जळतंय का हो?"

कढईच्या तळाला तपकिरी थर बसला होता. दुसरा घाणा बाईंनी भीतीपोटी लवकर उतरवला, तो तळहातावर घेऊन बघितला तर पातळच, ओघळून गेला.

"यंत्राची सवय नाही ना, होतं असं," शिवप्रिया म्हणाली. पोरगी गुणाची. पण यंत्रावर खापर फोडणं बाईंना जमेना. घरी आठ महिने एक घाणा चुकला नाही आणि इथं दोन्ही? त्यांनी खोलीभर नजर फिरवली. इथं चूल नव्हती, जळण नव्हतं. घरी चुलीपुढं शिवकन्या बसायची. खवा झाला की ती एक लाकूड मागं ओढायची, ते राखेत खरकन् वाजायचं आणि मग बाईंच्या तोंडून हाक निघायची. रोज. आणि त्या समजत होत्या की अंदाज आपला आहे.

बाईंना आधी राग आला, मग लाज वाटली. त्यांनी सुनेला बाजूला घेतलं.

"कवा कळलं तुला?"

"पयल्याच आठवड्यात, आत्या. नासलेलं दही तुमी वाढून घेतलं तवा."

"मग बोलली का न्हाईस?"

"तुमी झाकून ठिवलं, म्या कसं उघडं करू?"

"आन् आता कढई जळत हुती तवा?"

"हाक तुमची हाय, आत्या." शिवकन्याचे डोळे भरले. "हितं लाकूडबी नव्हतं."

बाईंनी आपल्या पदरानं तिचे डोळे पुसले. मग तरातरा शिवप्रियापाशी गेल्या आणि बालाजीच्या देखत म्हणाल्या, "पोरी, मला वास येत न्हाय. आठ महिनं झालं. आता हाक ही माझी सून दील."

बालाजी आईकडं बघतच राहिला. शिवकन्यानं मान हलवली. "तुमच्या म्होरं न्हाय, आत्या."

"माझ्या म्होरंच द्यायची. मला हाक मिळाली ती सासू गेल्यावर. तिला ती ऐकाया मिळाली न्हाई. म्या मेल्यावर दिलीस तर मला कशी ऐकू यील?"

तिसरं दूध कढईत पडलं. शिवकन्या पुढं उभी, द्वारकाबाई मागं. सुनेच्या जागी उभं राहायला त्यांना जड गेलं, खोटं कशाला सांगा. दूध आटलं, घट्ट झालं. शिवकन्या वाकली, तिनं श्वास ओढला. ओठ हलले, पण आवाज फुटेना. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"उतरवा," ती पुटपुटली.

शिवप्रियाला नीट ऐकू गेलं नसावं. तिनं सवयीनं द्वारकाबाईंकडं पाहिलं.

"माझ्याकडं काय बघतीस?" बाई म्हणाल्या. "दाब बटण. भट्टीची मालकीण बोलली."