आत्मचरित्रात नसलेली बायको

त्या वर्षी अमेरिकेत निवडणूक होती आणि आइंडहोवन या डच शहरातल्या माझ्या मुलीच्या शाळेतही तिचं वारं शिरलं होतं. वर्गाच्या बाईंनी बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या टाकल्या. प्रत्येक चिठ्ठीवर अमेरिकेच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचं नाव होतं. ज्याला जो मिळेल, त्याच्यावर वर्गापुढे उभं राहून पंधरा मिनिटं बोलायचं. इथल्या शाळांत हे प्रत्येकाला करावंच लागतं.

मुलगी तेव्हा दहा वर्षांची होती. दप्तर सोफ्यावर टाकून म्हणाली, "मला मिळालाय त्याला कोणीच ओळखत नाही." हे ती डचमध्ये म्हणाली. आमच्या घरात मी मराठीत बोलायचो आणि ती डचमध्ये उत्तर द्यायची. दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

मीही ते नाव ऐकलेलं नव्हतं. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वीचा माणूस, एकदा राष्ट्राध्यक्ष झाला आणि पुढच्या निवडणुकीत पडला. तिच्या मैत्रिणीला डॉलरच्या नोटेवरचा मिळाला होता, त्यामुळे दुःख जास्तच होतं. बाईंनी मात्र तिची समजूत काढली होती, "अगं, तुला सगळ्यात चांगला मिळालाय. हा घरी आपली भाषा बोलायचा."

आम्ही शनिवारी सकाळी शहरातल्या लायब्ररीत गेलो. त्याच्यावर डच पुस्तक नव्हतं, एक जाडसर इंग्रजी चरित्र मिळालं. मग पुढचे पाच-सहा शनिवार मी जेवणाच्या टेबलापाशी बसून ते वाचायचो, सोपं करून मराठीत सांगायचो आणि ती डचमध्ये टिपणं काढायची. हे काम मला आवडलं होतं. माझी नोकरी चिप बनवणाऱ्या यंत्रांच्या कंपनीतली, तिथे एका भिंगाच्या कडेवर आम्ही वर्षभर चर्चा करायचो. त्या मानाने एका माणसाचं अख्खं आयुष्य चटकन पुढे सरकत होतं.

बाप अमेरिकेतल्या जुन्या डच वस्तीच्या खेड्यातला खाणावळवाला. राजधानीकडे जाणारे वकील आणि पुढारी तिथे उतरायचे, वाद घालायचे, आणि हा पोरगा ते ऐकत मोठा झाला. इंग्रजी शाळेत शिकला. चौदाव्या वर्षी एका वकिलाच्या कचेरीत झाडलोट करत कायदा शिकायला लागला. कपड्यांना कोणी हसलं म्हणून पुढे जन्मभर झकपक राहिला. स्वतःचं मत कधी सरळ सांगायचं नाही आणि सगळ्यांशी गोड राहायचं, ही त्याची ख्याती. तशाने वर चढत चढत राष्ट्राध्यक्ष झाला आणि काही आठवड्यांतच बँका बुडायला लागल्या. त्याच्याच काळात तिथल्या मूळ रहिवाशांना सैन्याने घरांतून काढून दूरवर चालवत नेलं, वाटेत कितीतरी माणसं मेली. ते मी सांगितलं तेव्हा मुलीने पेन्सिल खाली ठेवली आणि विचारलं, "आणि याने थांबवलं नाही?"

"नाही."

तिने ते लिहून घेतलं.

चौथ्या की पाचव्या शनिवारी त्याच्या म्हातारपणापाशी आलो. निवडणूक हरल्यावर तो आपल्या खेड्यात परतला, घर घेतलं, बटाटे लावले, आत्मचरित्र लिहायला बसला. मुलीने टिपणं चाळली आणि म्हणाली, "याचं लग्न?"

मी मागची पानं उलटली. बायको त्याच्याच गावची, लहानपणापासून ओळखीची, घरी डच बोलणारी. मुलं लहान असतानाच ती क्षयाने गेली, तो राष्ट्राध्यक्ष होण्याच्या कितीतरी वर्षं आधी. त्याने पुन्हा लग्न केलं नाही. चरित्रकाराने पुढे एक वाक्य टाकलं होतं, ते मी सहज वाचून दाखवलं: त्या लांबलचक आत्मचरित्रात बायकोचा उल्लेख कुठेही नाही.

"एकदाही नाही?"

"तेव्हाची पद्धत होती. घरातल्या गोष्टी लिहीत नसत."

"विसरला असेल?"

"नाही, विसरला नसणार."

तिने टिपणं बाजूला सरकवली. मग मराठीत म्हणाली, "तू पण आईचं काही सांगत नाहीस."

तिची आई जाऊन पाच वर्षं झाली होती. आम्ही दोघं लग्नानंतर पुण्याहून आलो होतो. ती गेली तेव्हा मुलगी पाच वर्षांची. सासूबाई म्हणत होत्या, पोरीला घेऊन परत या. मी म्हटलं, शाळा सुरू झालीय, बघू. त्यानंतर घरात तिचा विषय निघाला नाही. मी ठरवून टाळला असं नाही. एक दिवस निघाला नाही, मग आठवडाभर निघाला नाही, आणि मग तो कसा काढायचा हेच मला कळेनासं झालं. मुलगी काही विचारत नव्हती, म्हणून तिला आठवत नसावं असं मी धरून चाललो होतो.

"सांगेन," मी म्हटलं आणि चहा टाकायला उठलो. त्या दिवशी काही सांगितलं नाही.

तिच्या बोलण्याच्या दिवशी पालकांना यायची परवानगी होती. मी ऑफिसातून दोन तास काढून गेलो आणि लहानशा खुर्चीवर गुडघे वर करून मागे बसलो. मुलगी धीटपणे बोलली. खाणावळ, कचेरी, बँका सगळं आलं. चालवत नेलेल्या माणसांचंही तिने सांगितलं, आवाज न चढवता. शेवटी तिने एक वेगळा कागद काढला. तो मी पाहिलेला नव्हता.

"याने जाड पुस्तक लिहिलं, पण त्यात त्याची बायको नाही," ती म्हणाली. "म्हणून तिचं मी सांगते. ती आपल्यासारखं डच बोलायची. ती शांत होती. तेव्हा प्रेत उचलणाऱ्यांना मानाची उपरणी द्यायची रीत होती. मरण्याआधी तिने सांगितलं, ती घेऊ नका, ते पैसे गरिबांना द्या. बाकी तिच्याबद्दल फारसं कोणाला माहीत नाही, कारण ज्याला माहीत होतं त्याने लिहिलं नाही."

एका मुलाने राष्ट्राध्यक्षाकडे घोडा होता का, असं विचारलं. दुसऱ्याने, तो किती उंच होता. बुटका होता, तिने सांगितलं. बाईंनी दहापैकी आठ गुण दिले. चित्रं कमी होती म्हणाल्या.

उपरण्यांचं ते पान मी वाचून दाखवलं नव्हतं. इंग्रजी पुस्तक घेऊन ती एकटीच बसली असणार.

त्या रविवारी मी तिला टिलबर्गला घेऊन गेलो. तिची आई आणि मी इथे आल्यावर पहिली दोन वर्षं तिथे राहिलो होतो, स्टेशनमागच्या एका गल्लीत, बेकरीवरच्या खोलीत. बेकरीच्या जागी आता मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. मी वरची खिडकी दाखवली आणि मला जमेल तसं सांगायला लागलो. तिची आई बत्तिसाव्या वर्षी सायकल शिकली, ती याच गल्लीत. मी मागून धरायचो आणि ती ओरडायची, "सोडू नकोस, सोडलंस तर बघ!" एकदा मी सोडली. ती बेकरीवाल्याच्या दारातल्या पिठाच्या पोत्यांवर जाऊन आदळली. उठली आणि त्याच्याशी डचमध्ये भांडली, की पोती अशी रस्त्यात का ठेवता. तिला तेव्हा डचमधली मोजून वीस-पंचवीस वाक्यं येत होती. बेकरीवाल्याने माफी मागितली आणि तिला एक पाव दिला.

मुलगी खूप हसली. "तिने माफी मागायला हवी होती," ती म्हणाली.

"मी तेच म्हटलं होतं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी."

तिथून स्टेशनकडे जाताना मी आणखी बरंच सांगितलं. काही गोष्टींचा क्रम चुकला, काही ठिकाणी मला वर्ष आठवेना. मुलगी मधे मधे विचारत होती, कधी डचमध्ये, कधी मराठीत. माझा आवाज नेहमीसारखाच होता. मला वाटलं होतं तितकं ते कठीण नव्हतं. आजारपणाचं मात्र तेव्हा सांगितलं नाही. ते तिला तेरावं लागल्यावर सांगितलं, दोन दुपारी बसून, हॉस्पिटलचे कागद समोर ठेवून.