रविवारचा गार चहा

इंदूवहिनी गेल्याचा निरोप आला तेव्हा मी भोरच्या बाजारात तिच्यासाठीच लिंबं निवडत होते. शनिवारची संध्याकाळ होती. दुपारीच तिचा फोन येऊन गेला होता, "वन्सं, उद्या येताना लिंबं आना. पातळ सालीची बगून घ्या. मागल्या खेपंला तुमी आनली ती नुसती सालच हुती." आधी टोमणा, मग काम, ही तिची रीत. मी धुसफुसत एकेक लिंबू दाबून बघत होते, भाजीवाली माझ्यावर वैतागली होती, आणि तेवढ्यात दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, वहिनीचा नवरा. आपण होऊन फोन करायची त्याला सवयच नाही. "सुमे," तो म्हणाला, "तुजी वहिनी गेली गं." मी विचारलं, कुठं गेली? खरंच विचारलं. मला वाटलं, रुसून पासलीला माहेरी गेली असेल... गोवऱ्या रचता रचता छातीत कळ आली आणि तिथंच बसली, एवढंच झालं होतं. लिंबांची पिशवी हातात तशीच घेऊन मी विंझरला पोचले आणि स्वयंपाकघरातल्या खुंटीला ती अडकवली. दहावा होईपर्यंत तिला कुणी हात लावला नाही. मला वहिनीचा राग आला होता, तो अजून गेलेला नाही. मेलेल्या माणसावर रागवू नये म्हणतात, पण असं म्हणणाऱ्यांना आमची वहिनी माहीत नाही.

ती चहा गार करून पाजायची. चुकून गार झालेला नव्हे, मुद्दाम गार केलेला. त्यात दूध नाही, चहाची पावडर नाही. परसात मोरीच्या पाण्यावर गवती चहाचं बेट माजलेलं, त्याची पानं, पुदिना, ठेचलेलं आलं, गूळ, वर लिंबू आणि आणखी कायकाय. होळी झाली की पाऊस लागेपर्यंत रोज हा कारभार. पोरीनं, म्हणजे माझ्या भाचीनं, अश्विनीनं, पहिल्या पगारातून आईला फ्रिज घेऊन दिला, तर त्यात वहिनीनं भोपळ्याचं बी आणि हरभऱ्याची डाळ ठेवली. चहा मात्र मातीच्या घागरीत, घागरीला ओलं फडकं गुंडाळून, मोरीच्या कोपऱ्यात. मी म्हणायची, अहो वहिनी, फ्रिज कशाला आहे मग? तर म्हणायची, "फ्रिजातल्यानं दात शिवशिवत्यात, तान न्हाई भागत." पुढं काही बोलायची सोय नाही.

माझी नोकरी भोरला शाळेच्या ऑफिसात, त्यामुळं माझा माहेरचा वार रविवार. सकाळी चेलाडीला उतरायचं, तिथून वेल्ह्याची एसटी धरायची, घामानं चिंब होऊन विंझरला पोचायचं, आणि उंबऱ्यात पाय ठेवते न ठेवते तोच हातात पितळी पेला. चांगलं लागायचं, खोटं कशाला बोलू. घशाखाली उतरलं की एसटीतला सगळा प्रवास विसरायला व्हायचा. पण मी कसं केलं म्हणून विचारलं की झालंच. "अंदाजानं." किती पानं? "मूठभर." कुणाची मूठ? "माजी. आनिक कुनाची?" पाणी किती? "लागंल तेवडं." मी भोरला घरी करून बघितलं तर गवत उकळल्यासारखं लागलं. तिला फोन केला तर पोट धरून हसली, आणि तरी सांगितलं नाही. म्हणाली, "तुमी रईवारी येताय की हितं. घरी कशाला करताय?"

दादाचं वेगळंच. तो त्या चहाला 'मेलेला चहा' म्हणायचा. ओट्यावर चार माणसं बसली की त्याला चेव यायचा. "चा म्हंजी कसा, वाफ आली पायजे, फुकून पिला पायजे. ही बया मेलेला चा पाजती." माणसं हसायची, वहिनी आत ऐकत असायची, आणि भांडण कोण करायचं? मी. नणंद असून भावजयीची बाजू घेऊन सख्ख्या भावाशी भांडणारी मी एकटीच असेन त्या गावात. दादा, एकदा तोंडाला लावून तरी बघ की, असं मी किती उन्हाळे म्हणाले असेन. तो म्हणायचा, "म्या न्हाई लावायचा." आणि वहिनी, जिच्यासाठी मी घसा कोरडा करायची, ती बाहेर येऊन त्याच्यापुढं गरम चहाची कपबशी ठेवायची आणि मलाच डोळ्यांनी गप्प बसा म्हणायची. अशा माणसासाठी भांडायचं तरी कसं?

तिची आणखी एक खोड मला सहन व्हायची नाही. मागच्या दाराशी, पायरीलगतच्या दगडावर, एक पितळी पेला ती ठेवून द्यायची. भरलेला, वर वाटी झाकलेली. थोड्या वेळानं बघावं तर तोच पेला धुऊन पालथा घातलेला. मी म्हणायची, वहिनी, घरात फळी असताना भांडी बाहेर कशाला ठेवता, कुत्रं तोंड घालेल. "ऱ्हाऊ द्या वन्सं, माजा हाय त्यो," म्हणायची. मला वाटायचं, बाईला चारचौघांत बसून प्यायचा संकोच वाटतो. जुन्या वळणाची आहे, जाऊ दे.

आणि अश्विनीला बघायला शिरवळची माणसं आली तो रविवार तर मी जन्मात विसरणार नाही. ऐन वैशाखात भर दुपारी जीपमधून माणसं उतरली, तोंडं लाल झालेली. मी आदल्या दिवशी फोन करून बजावलं होतं, वहिनी, त्याला चहा म्हणू नका. सरबत म्हणा, पन्हं म्हणा, काय वाटेल ते म्हणा. आमच्या बाजूला नको असलेल्या पाहुण्याला गार चहा पाजला म्हणतात, म्हणजे त्याला वाटेला लावलं असा त्याचा अर्थ. लहान पोरालाही हे ठाऊक आहे. पण वहिनी ताट घेऊन बाहेर आली, पेले ठेवले, आणि पदर सारखा करत म्हणाली, "घ्या, गार चा घ्या." मुलाच्या चुलत्यानं हातातला पेला तसाच खाली ठेवला. "गार चा? मंग आमी निगावं म्हनता?" दादा भिंतीकडं बघायला लागला. मी आत धावले गरम चहा टाकायला, तर घरात दुधाचा थेंब नाही, मांजरानं सांडलेलं. वहिनी मात्र जाग्यावरची हलली नाही. "गवती चा हाय त्यो. चाला चा न्हाई म्हनायचं तर काय म्हनायचं? गरम पायजे तर गरम करती. पर उनातनं आलाय, आदी घोट तर घ्या." मुलाच्या आईनं पेला उचलला. नुसता उचलला नाही, संपवला, आणि दुसरा मागितला. लग्न ठरलं. तो चुलता अजून भेटला की म्हणतो, तुमच्या वहिनींनी आम्हाला घालवायचं बघितलं होतं. मी त्या दिवशी परतीच्या एसटीत रागानं रडले होते, कारण चुकलं असतं तर पोरीचं ठरतं लग्न मोडलं असतं, आणि वहिनी म्हणत होती, "मोडलं का? न्हाई ना? मंग?"

अशी बाई गेली. दहाव्याला अश्विनी आली आणि दोन दिवसांत गेली. रडली नाही. मे महिन्यात दरवर्षी ती आठ-दहा दिवस माहेरी असते. या वेळी मी फोन केला तर म्हणाली, "आत्या, ह्या वर्षी न्हाई येत. आता कशाला यायचं तिथं?" मी म्हटलं, बाप आहे की. ती म्हणाली, "ते भोरला तुझ्याकडं आले की भेटंन." तिकडं दादा रोज संध्याकाळी ओट्यावरून रस्त्याकडं बघत बसतो, येणाऱ्या एसटीतून कोण उतरतंय ते बघतो, आणि विचारलं तर म्हणतो, वारं खातोय. पोरीचं माहेर असं एका फोनवर बंद होत होतं, आणि ते बंद होऊ नये म्हणून माझ्या तोंडून गेलं, "तू ये. तुझ्या आईचा गार चहा करून देते." तिनं विचारलं, "तसाच?" मी म्हटलं, तसाच. ती म्हणाली, "मंग येते."

झालं. आता करा. मी रजा टाकून विंझरला गेले. अश्विनी शुक्रवारी दुपारी येणार होती, मी गुरुवारी सकाळीच चुलीशी बसले. गवती चहाची पानं कापून घातली, उकळली, लिंबू पिळलं, तर कडूजहर. फेकलं. पुन्हा केलं, पानं कमी घातली, तर नुसतं गुळाचं पाणी. मग ओव्याची पानं घातली, कारण माझ्या जिभेला तो वास पक्का आठवत होता, वहिनीच्या चहाला ओव्याच्या पानाचा एक हलका वास असायचाच. ते थोडं जवळ आल्यासारखं वाटलं. मी पेला घेऊन उभी होते, मनात वहिनीला शिव्या देत होते, बाई गं, एकदा तोंडानं सांगितलं असतंस तर काय बिघडलं असतं, आणि दादा दारात येऊन उभा राहिला. त्यानं नुसता वास घेतला.

"ह्यो रईवारचा झाला," तो म्हणाला.

मी म्हटलं, म्हणजे? "रईवारी तुळस तोडत न्हाईत," तो म्हणाला. "रईवारी आनि बारशीला, म्हंजी एकादशीच्या दुसऱ्या दिशी, ती तुळशीला हात लावत न्हवती. मंग त्या दिशी ओव्याचं पान घालायची. बाकी वारी तुळस. खरा चा तुळशीचा." इतकी वर्षं मी रविवारीच येत होते. इतकी वर्षं मी जो चहा डोक्यावर घेऊन मिरवला, ज्याच्यासाठी भावाशी भांडले, तो तिच्या लेखी नड भागवायला केलेला चहा होता. आणि एका शब्दानं ती बोलली नाही. मी म्हटलं, शनिवारी तोडून ठेवता येत नव्हती तुळस? दादाच वैतागला. "पावन्याला शिळी तुळस घालायची व्हय?" मग चुलीकडं बघून म्हणाला, "आनि पानं उकळत न्हाईत. पानी उकळलं की उतरायचं, मंग पानं टाकायची, झाकान ठिवायचं. तुळस मागनं. लिंबू प्यायच्या टायमाला, आदी घातलं की कडू व्हतंय. चिमूटभर मीठ."

"तुला काय माहीत? तू तर कधी ओठाला लावला नाहीस."

"डोळं हायत की मला," तो म्हणाला, आणि बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं अंघोळ करून, वृंदावनाला हात जोडून, स्वतः तुळशीची पानं तोडून आणून माझ्यापुढं ठेवली. मी तो सांगेल तसं केलं. घागरीत भरलं, फडकं भिजवून गुंडाळलं.

अश्विनी आली ती पिशवी घेऊन दारातच थबकली. आत यायला तिला जड जात होतं, ते दिसत होतं. मी पेला हातात दिला. तिनं एक घोट घेतला. मग भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि उरलेला सगळा प्यायली, आणि पिता पिताच तिच्या डोळ्यांतून धार लागली. माझ्याही लागली. दादा ओट्यावर पाठमोरा बसून होता. पोरगी नाक पुसून म्हणाली, "आत्या, मीठ जास्त झालंय." मी तिला धरून मारायचीच बाकी होते. आईची पोर ती आईचीच पोर.

मग ती उठली, मोरीपाशी गेली, घागरीतून आणखी एक पेला भरला, वर वाटी झाकली आणि मागचं दार उघडून पायरीलगतच्या दगडावर ठेवून आली. इतकं सवयीनं की तिला स्वतःलाही कळलं नसावं. मी विचारलं, हा कुणाला? ती माझ्याकडं बघत राहिली, जसं मीच काहीतरी वेडं विचारलंय.

"बाबांना. ऊन उतरलं की पितात ना रोज. आई तिथंच ठेवायची, लोकांत नको म्हणून." मग थांबून म्हणाली, "तुला ठाऊक न्हाई?"

नाही. मला ठाऊक नव्हतं. अख्ख्या घराला ठाऊक होतं, मी सोडून. मी ओट्यावर चारचौघांत ज्याच्यासाठी बोंब मारत होते, तो चहा तो माणूस रोज मागच्या दारी बसून पीत होता, पेला धुऊन पालथा घालत होता, आणि पुढच्या दारी येऊन त्याला मेलेला म्हणत होता. आणि वहिनी माझ्यासमोर त्याला गरम कपबशी द्यायची आणि मला डोळ्यांनी गप्प करायची... कुणाकुणावर चिडू मी? एकीवर चिडायला ती हवी होती.

अश्विनी या वेळी बारा दिवस राहते म्हणाली. संध्याकाळी ऊन उतरलं तेव्हा मी मुद्दाम पुढच्या खोलीत डाळ निवडत बसले आणि मागच्या दाराकडं पाठ केली. कडी वाजली. नळाचं पाणी वाजलं. थोड्या वेळानं मी जाऊन बघितलं. दगडावर पेला धुऊन पालथा घातलेला होता, शेजारी वाटी. पेल्यावरून पाणी अजून निथळत होतं.

मी तो उचलून फळीवर ठेवणार होते. मग ठेवला तिथंच. तेवढ्यात ओट्यावरून आवाज आला, शेजारचे दोघंतिघं येऊन बसले होते.

"सुमे, चा टाक की जरा. गरम."