कॅमेऱ्याने वगळलेली मंगलअक्का

हुमनाबाद मागे टाकून बसवकल्याणच्या दिशेने सात-आठ किलोमीटर गेलं, की पुणे–हैदराबाद महामार्गाच्या डाव्या अंगाला पंचवीस-तीस घरांची बौद्ध वस्ती लागते. शाळा, दवाखाना, रेशन दुकान सगळं रस्त्यापलीकडच्या गावात. रस्ता चौपदरी झाला तेव्हा गावाला वेशीपाशी भुयारी वाट मिळाली. वस्तीच्या वाट्याला दुभाजकातली बारा फुटांची मोकळी जागा आली. वेशीवरून फिरून जायचं म्हणजे जाऊन-येऊन तीन किलोमीटर, म्हणून वस्तीची पोरं त्या मोकळ्या जागेतूनच शाळेला जातात. आणि ती धड जावीत म्हणून व्यंकटची बायको मंगल गेली अकरा वर्षं सकाळी साडेनऊला आणि दुपारी चारला तिथे उभी राहते.

मंगल मूळची मुडबीची. सातवीपर्यंत शिकलेली, उंचीने बेताची, आवाजाने मोठी. कुणाशी बिनसलं की ते वर्ष-दोन वर्षं जपून ठेवणारी. नवरा हुमनाबादच्या एका कारखान्यात कामाला, लेक लग्न होऊन उदगीरला. रस्त्याच्या कडेला तिचं चहाचं हॉटेल आहे: चार खांब, वर पत्रा, दोन बाकडी.

रस्ता झाला त्याच वर्षी शाळेचे सिद्धेश्वर मास्तर सायकलीसकट एका ट्रकखाली आले. मंगल तेव्हा दुधाच्या पातेल्याचं झाकण राखेने घासत होती. ती झाकण हातात धरूनच धावली. मागून दुसरा ट्रक येत होता. त्याला तिची हाक ऐकू जाणं शक्य नव्हतं, पण झाकणावरचं ऊन ड्रायव्हरच्या डोळ्यांत गेलं आणि तो दोनशे पावलं अलीकडेच थांबला. मास्तरांचा पाय गेला, जीव वाचला.

दुसऱ्या दिवसापासून मंगल झाकण घेऊन दुभाजकात उभी राहायला लागली. सकाळच्या उन्हात हैदराबादकडून येणाऱ्याला झाकण उभं दाखवायचं, सोलापूरकडून येणाऱ्याला जवळजवळ आडवं. आभाळ असलं तर झाकणाला लाल कापड बांधायचं, हे तिचं तिनेच बसवलं. पोरांनी कडेला रांगेत थांबायचं. झाकण खाली आलं की निघायचं. त्याआधी कुणी पाय उचलला तर तिची चापट ठरलेली. हुमनाबादच्या ढाब्यांवर जुने ड्रायव्हर नव्यांना सांगायचे, वळण संपलं की ॲक्सिलरेटरवरचा पाय काढ, पुढे झाकणवाली अक्का आहे. असं करता करता गाड्या वळणापासूनच हळू व्हायला लागल्या.

दिवाळी सरल्यावर एका सोमवारी विद्यापीठाची जीप आली आणि हॉटेलासमोरच्या खांबावर कॅमेरा चढला. कुणी काही विचारलं नाही. मंगलने दुपारी काठीने त्याच्यावर गोणपाट टाकलं. संध्याकाळी पंचायतीच्या माणसाने ते काढलं आणि तिला ताकीद दिली. दुसऱ्या दिवशी पूर्णिमा नावाची संशोधक मुलगी स्वतः आली. कलबुर्गीत वाढलेली, आई उदगीरची, म्हणून मराठी चांगलं. तिने समजावून सांगितलं, की या पट्ट्यात अशा दहा मोकळ्या जागा आहेत. प्रत्येक ठिकाणी पंधरा दिवस कॅमेरा राहील. माणूस आणि गाडी किती वेळा धोक्याच्या अंतरावर आली ते मोजलं जाईल. सगळ्यात धोक्याच्या चार जागी भुयारी वाट होईल. उरलेल्या सहा जागा दगड घालून बंद करतील.

"म्हंजी आमी कवा कुठं जायलाव ते सगळं तुमी बगणार," मंगल म्हणाली. "इचारायचं तरी व्हतं."

पूर्णिमाने सांगितलं, की चेहरे पुसूनच चित्र साठवतात, कोण आहे ते कुणाला कळत नाही.

"चेहरा पुसल्यावर माणसाचं मागं काय ऱ्हातंय मग?" असं म्हणून मंगलने उकळत्या चहावर झाकण ठेवलं आणि चहा संपलाय म्हणून सांगितलं. पूर्णिमाने पातेल्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि जीपमध्ये जाऊन बसली.

पुढचे आठ दिवस दोघी एकमेकींना दिसत होत्या, बोलत नव्हत्या. कॅमेरा चढल्याच्या अकराव्या दिवशी पूर्णिमा हॉटेलाच्या बाकड्यावर लॅपटॉप उघडून बसली. सावली तेवढीच होती. मंगल कप विसळता विसळता मागे येऊन उभी राहिली. पडद्यावर तिचाच रस्ता होता. प्रत्येक गाडीभोवती पिवळी चौकट, प्रत्येक माणसाभोवती हिरवी. दोन चौकटी फार जवळ आल्या की लाल होत. पोरांच्या रांगेभोवती हिरव्या चौकटींची माळ झाली होती. मधोमध झाकण धरलेली बाई उभी होती, तिच्याभोवती काहीच नव्हतं.

"ही मी," मंगल म्हणाली. "मला कामून न्हाई चौकट?"

"तुम्ही दिवसभर इथंच असता ना अक्का. एकच माणूस शंभर वेळा मोजला गेला तर आकडे बिघडतात. म्हणून दुकानदार, फेरीवाले, एकाच जागी फिरणारी माणसं, सगळ्यांना वगळायचं असं आधीच ठरवून दिलेलं आहे."

"आन गाड्या हळू व्हायल्यात त्या?"

"इथं वेग मुळातच कमी आहे. चांगलंच आहे की. अकरा दिवसांत फक्त दोनदा लाल. दहा जागांत तुमची जागा सगळ्यात सुरक्षित."

सगळ्यात सुरक्षित म्हणजे काय, ते मंगलला फोडून सांगावं लागलं नाही. सुरक्षित जागी दगड पडणार होते. तिने पूर्णिमाला लॅपटॉप उचलून उन्हात जायला सांगितलं.

सायंकाळी विहारासमोर वस्ती जमली. व्यंकटचा थोरला चुलतभाऊ बुद्धरत्न पंचायतीचा सदस्य होता. त्याला कायद्यातलं कळायचं, आणि आपल्याला कळतं हे त्याहून चांगलं कळायचं. त्याने सरळ हिशेब मांडला. कॅमेऱ्याला मंगल दिसत नाही, पण तिच्यामुळे हळू झालेल्या गाड्या दिसतात. म्हणजे मंगल उभी आहे तोवर वस्तीचं नुकसान आहे. चार दिवस उरलेत.

"तू बस मंगल. चार दिवस हॉटेलातनं उठू नको. कॅमेऱ्याला खरा रस्ता दिसू दे."

"आन तो कुणाच्या पोराच्या अंगावरनं दिसंल, भावजी?"

बुद्धरत्नने शब्द दिला, की तो आणि व्यंकट पोरांना हाताला धरून नेतील. केसाला धक्का लागणार नाही, पण दोन-चारदा चौकट लाल होईल, तेवढंच हवंय. मंगल नाही म्हणाली. मग आवाज चढले. शेजारची शिवकन्या, जिची दोन पोरं रोज मंगलच्या झाकणाखालून शाळेला जायची, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अकरा वर्षं नाव व्हायलंय तिचं. भुयार झाल्यावर कोण इचारंल तिला?"

मंगल व्यंकटकडे बघत होती. तो चपलेच्या अंगठ्याने माती उकरत होता. घरी आल्यावर तिने त्याला जेवायला वाढलं आणि समोर बसून विचारलं, की शिवकन्या बोलली तेव्हा तुम्ही तोंड का नाही उघडलं. व्यंकटने घास गिळला. "त्यात सगळंच खोटं हाय का?" तो म्हणाला.

ते ऐकूनच मंगलने हॉटेलात बसून राहायचं ठरवलं. बुद्धरत्नचा हिशेब तिला पटला नव्हता. पण आपण मोठेपणासाठी वस्तीची वाट अडवतो आहोत असं नवऱ्यालाही वाटत असेल, तर मग बघूच, असं तिच्या मनाने घेतलं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला ती हॉटेलात बाकड्यावर बसून राहिली. पोरं येऊन कडेला रांगेत उभी राहिली. व्यंकटने दोघांना हाताला धरलं, बुद्धरत्न पुढे झाला आणि त्याने हात वर केला. वळणावरून आलेल्या पहिल्या दोन-तीन गाड्या सवयीने हळू झाल्या, झाकण दिसेना तसा त्यांनी पुन्हा वेग घेतला. मागचे तर थांबायचं नावच घेईनात. वर केलेल्या हाताला कोण थांबतं? रस्त्याकडेला गाडी मागणारे रोज शंभर हात असतात. बुद्धरत्न दोन पावलं पुढे जाई आणि चार मागे येई. एका टँकरच्या वाऱ्याने त्याची टोपी शेतात गेली. एक ड्रायव्हर खिडकीतून कन्नडमध्ये काहीतरी बोलून गेला, ते सगळ्यांना कळलं, आणि पोरं हसली.

पण पोरांनी पाय उचलला नाही. व्यंकटने ओढलं तरी उचलला नाही. शिवकन्येची थोरली म्हणाली, "झाकण खाली आलं न्हाई अजून."

पंचवीस मिनिटं गेली. पलीकडे शाळेची प्रार्थना होऊन गेली. रस्ता कुणी ओलांडलाच नाही, त्यामुळे चौकट लाल व्हायचा प्रश्नच आला नाही. बुद्धरत्न घामाने भिजून हॉटेलापाशी आला. "तू भित्रट करून ठेवलीस ही पोरं," तो मंगलवर ओरडला.

"जिवंत ठेवलेव," मंगल म्हणाली. जागची हलली नाही.

तेवढ्यात जीप आली. लॅपटॉपवरून पूर्णिमाला कळलंच होतं. ती उतरली तीच रागाने. तुम्ही ठरवून हे केलंत, अभ्यासात ढवळाढवळ केलीत, आजचा सगळा दिवस फेकून द्यावा लागेल, असं ती एका दमात बोलली. बुद्धरत्न मान खाली घालून टोपी झटकत राहिला. मंगल उठून तिच्यासमोर आली.

"काय केलं आमी? रोजचीच पोरं, रोजचाच रस्ता. मी तेवढी बसले."

"त्यालाच म्हणते मी..."

"मला तर तू वगळलेलीस. जी बाई मोजलीच न्हाई, ती बसली काय आन उभी ऱ्हायली काय, तुझ्या आकड्यात फरक कामून पडायलाय?"

पूर्णिमा रांगेकडे बघत राहिली, मग रस्त्याकडे. गाड्या एकसारख्या सुसाट जात होत्या. अकरा दिवसांत असा वेग तिने इथे पाहिला नव्हता. तिने जीपमधून वेग मोजायचं यंत्र काढलं आणि मऊ आवाजात विचारलं, की मी वळणापाशी जाऊन उभी राहते, तुम्ही एकदा उठाल का.

"तुझ्यासाठी न्हाई उठत मी," मंगल म्हणाली. "पोरांची शाळा बुडायलीय."

ती झाकण घेऊन दुभाजकात गेली. पूर्णिमा तीनशे मीटरवर उभी राहून आकडे लिहीत होती. अठ्ठ्याऐंशी. एक्क्याहत्तर. चाळीस. मग अठरा. पोरं पलीकडे गेल्यावर ती जीपकडे परतली. उरलेले तीन दिवस ती रोज सकाळी वळणावर उभी राहिली.

संक्रांतीनंतर पलीकडे गावच्या पंचायतीत सुनावणी झाली. रस्त्याचे दोन अधिकारी, विद्यापीठाचे सर, पूर्णिमा, आणि समोर सतरंजीवर वस्ती. सरांनी वस्तीबद्दलचा उतारा वाचला: या ठिकाणी एका स्थानिक व्यक्तीकडून होणाऱ्या वाहतूक-नियंत्रणामुळे धोका अल्प आहे, सबब मोकळी जागा बंद करू नये, तसेच भुयारी वाटेचीही आवश्यकता नाही.

दगड पडणार नाहीत एवढंच ऐकून बुद्धरत्नने टाळी वाजवली. मागून चार-पाच टाळ्या वाजल्या. मंगल उभी राहिली.

"साहेब, ही स्थानिक व्यक्ती मी," ती म्हणाली. "आदी मी मोजण्यात नव्हते म्हणून दगड पडणार व्हते. आता मी हाव म्हणून भुयार न्हाई. मला एकावन्नावं लागलंय. उजवा गुडघा सुजतोय. ही बाई कुठवर उभी ऱ्हाणार, ते बी लिहा त्यात. तारीख घाला."

अधिकारी हसले. एकाने तिला बसायला सांगितलं. पूर्णिमा मात्र हसली नाही. ती सरांकडे वळून कन्नडमध्ये भराभर बोलायला लागली. त्यातलं मंगलला एवढं कळलं, की एका सकाळचे 'त्या नसतानाचे' आकडे आपल्याकडे आहेत, वळणावरचा वेग आहे, आणि जागेचा नंबर त्यावरून लावायला हवा. सर नको नको म्हणत होते. पूर्णिमा ऐकत नव्हती.

मंगलने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. पावणेचार झाले होते. व्यंकट हळूच म्हणाला, थांब की, आपलंच चाललंय. ती म्हणाली, तुम्ही थांबा. आणि निघाली.

चारला ती दुभाजकात होती. शाळेकडची पोरं रांगेला लागत होती. हैदराबादकडच्या गाड्या थांबल्या होत्या, सोलापूरकडचा एक लांब ट्रेलर अजून रेंगाळत होता. इतक्यात पंचायतीकडून बुद्धरत्न धावत आला. दम लागलेला, हातात कागद. "दुसरा नंबर लागला, मंगल," तो लांबूनच ओरडला. "दहात दुसरा. भुयार आलं. त्या पोरीनं लई भांडण केलं त्यांच्याशी." आणि तसाच बोलत बोलत तो रस्त्यात उतरला.

"आदी मागं सरा भावजी," मंगल म्हणाली. "पोरं थांबलीत, दिसत न्हाई का?"

बुद्धरत्नने ट्रेलरकडे पाहिलं. कागद खिशात घातला, मागे सरला आणि शिवकन्येच्या धाकट्याच्या पाठीमागे रांगेत उभा राहिला.