आमच्या गुढीची हिरवी काठी

यंदा पाडव्याला आमच्या गच्चीवर एक भलताच उलगडा झाला. अजून नीट पचलेला नाही, म्हणून इथे लिहून टाकते...

आमची गुढी बांबूवर नसते. एकात एक बसणाऱ्या लोखंडी नळ्यांची एक लांब काठी आहे, फौजी हिरव्या रंगाची, एका टोकाला जाड आणि दुसऱ्या टोकाला पार बारीक. मी लग्न होऊन इंदूरला आले तेव्हापासून हीच बघते आहे. जाड टोक वर, कारण तांब्या त्यावर अगदी फिट बसतो.

ही काठी नानांच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या, थोरल्या भावाने आणलेली. ते महूला, म्हणजे इंदूरजवळच्या फौजी छावणीच्या गावात राहायचे आणि त्यांना घरात सगळे दादा म्हणत. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण नानांचं एक गाऱ्हाणं मात्र मला पाठ आहे.

नानांना शॉर्टवेव्हचं वेड होतं. लाकडी पेटीचा रेडिओ लावायचा, बटण केसभर फिरवत लांबलांबची स्टेशनं पकडायची आणि कुठला देश ते घरच्यांना ओळखायला लावायचं. कृष्णपुऱ्याच्या भाड्याच्या घरात सगळं छान लागायचं. इंदुरातच अन्नपूर्णा भागात स्वतःचं घर बांधलं आणि रेडिओत नुसती खरखर सुरू झाली. दादा म्हणाले होते, मी बघतो काहीतरी. पुढे त्यांचं काही उत्तरच आलं नाही आणि थोड्या दिवसांत ते अचानक गेले.

रेडिओ दिवाणखान्यातल्या कोपऱ्यात तसाच आहे. दिवाळीची साफसफाई निघाली की माझा नवरा मंदार म्हणतो, देऊन टाकू या. आणि नाना तोंड फिरवून म्हणतात, "दादा बोलला होता, बघतो म्हणून. विसरला बिचारा..." ते "बिचारा" म्हणताना आवाज असा होतो की मंदार रेडिओ पुसून पुन्हा जागेवर ठेवतो.

तर यंदा पाडव्याला मंदारच्या ऑफिसातला प्रसाद जेवायला होता. पुण्याहून नुकताच बदलून आलाय, एकटाच राहतो आणि त्याला हॅम रेडिओचा, म्हणजे घरच्या वायरलेसवरून जगभरच्या हौशी लोकांशी बोलायचा नाद आहे. आमचं हिंदी मिसळलेलं इंदुरी मराठी ऐकून तो सकाळपासून गालातल्या गालात हसत होता. नानांनी त्याला "भिया, श्रीखंड और लो ना, शरमाता कशाला" म्हटलं तेव्हा तर त्याला ठसकाच लागला.

गच्चीवर गुढीला नमस्कार करून झाला तरी तो काठीकडेच बघत होता. तंबूचा खांब म्हणाला, मग झेंड्याची काठी म्हणाला, मग म्हणाला, नाही, काहीतरी चुकतंय. मला वाटलं, श्रीखंड जास्त झालंय.

संध्याकाळी गुढी उतरवताना तो मुद्दाम थांबला. हळदकुंकू वाहिलं, साखरेचा नैवेद्य दाखवला आणि मी तांब्या काढला... खाली चिनी मातीचा एक पांढरा गोळा, त्याच्या बाजूला पितळी स्क्रू. आम्ही तो दरवर्षी बघतो. तांब्या बसवायचीच ती सोय आहे, असं आम्ही सगळे समजत होतो.

प्रसादने काठी हातात घेतली आणि उलटी धरली. जाड टोक खाली, बारीक टोक आभाळाकडे. मग फोटो काढून त्याच्या हॅमवाल्या ग्रुपवर टाकले, एक गुढीचा आणि एक नुसत्या काठीचा. महूच्या एका रिटायर्ड फौजी गृहस्थांचं उत्तर लगेच आलं... "ये तो फ़ौजी गाड़ी के वायरलेस का एंटीना है. शॉर्टवेव्ह का. पर पहले फोटो में उल्टा क्यों खड़ा किया है भाई?"

आम्ही हसून लोटपोट! इतकी वर्षं आम्ही फौजेच्या अँटेनाला साडी नेसवून कडुलिंब बांधत होतो, तेही खाली डोकं वर पाय करून.

नाना मात्र हसत नव्हते. त्यांनी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना विचारलं, "दादाने हे दिलं तेव्हा तो एग्झॅक्ट काय बोलला होता?"

आईंना नीट आठवत होतं. पाडव्याच्या आदल्या दिवशी दादा गोणपाटात गुंडाळून हे घेऊन आले. नाना बाजारात गेले होते आणि दादांना परतीची बस पकडायची होती. उभ्या उभ्या म्हणाले, हे नानाला दे, गच्चीवर उभं करायचं आहे, बाकी मी येऊन सांगतो.

"आता पाडव्याच्या आदल्या दिवशी कोणी काठी आणून गच्चीवर उभी करा म्हटलं, तर मी काय समजणार?" आई म्हणाल्या. "मी तर म्हटलं, भावजींनी किती मजबूत आणली!"

ते सांगायला पुन्हा आलेच नाहीत...

नाना कठड्याला टेकून उभे राहिले. हात त्या पितळी स्क्रूवरून फिरत होता. मलाही भरून आलं, खोटं कशाला सांगू.

पुढच्या रविवारी प्रसादने काठी सुलटी करून गच्चीच्या कोपऱ्यात पक्की बसवली. स्क्रूपासून वायर खिडकीतून खाली, थेट रेडिओच्या मागच्या भोकात. पावसाळ्यात वायर काढून ठेवायची, असं मला दोनदा बजावलं. नानांनी बटण फिरवलं. खरखर, खरखर... आणि मग एक बाई कुठल्यातरी अनोळखी भाषेत स्वच्छ बोलायला लागली. एक शब्द कळत नव्हता, तरी आम्ही सगळे श्वास रोखून ऐकत बसलो.

नाना हळूच म्हणाले, "विसरला नव्हता रे... दादा विसरला नव्हता."

आता रोज संध्याकाळी चहाबरोबर आम्हाला देश ओळखावे लागतात आणि माझे बहुतेक चुकतात. काल आईंनी विचारलं, मग पुढच्या पाडव्याला गुढीचं काय? नानांनी रेडिओवरची नजरसुद्धा काढली नाही. म्हणाले, "बांबू आणू ना. ही माझी आहे. दादाने माझ्यासाठी आणली आहे."