सांगाडा काय म्हणाला

काल खलिफा सिटीतल्या आमच्या घरी लेकीने हॅलोवीनसाठी भोपळा कोरायला घेतला. कच्च्या भोपळ्याचा तो ओला वास आला आणि मी थेट लहानपणीच्या, बर दुबईतल्या आमच्या एका खोलीच्या घरात जाऊन पोचले.

आई घारग्यांसाठी भोपळा किसत होती. टीव्हीवर हॅलोवीनचा खास कार्यक्रम लागला होता. जुनी कार्टून्स, आणि मधेमधे चेटकीण झालेली बाई आणि सांगाडा झालेला माणूस गप्पा मारायचे. कार्टून सगळ्यांनाच कळायचं. ते दोघं बोलायला लागले की बाबा विचारायचे, "काय म्हणतोय गं सांगाडा?"

गावाहून नुकतीच आलेली मी इंग्रजी शाळेत दुसरीत होते. मला निम्मंही कळत नव्हतं. पण तसं कबूल केलं तर परत गावच्या शाळेत पाठवतील, ही धास्ती. म्हणून ठोकून दिलं, "तो म्हणतो, हिने माझी बरगडी आमटीत घातली!"

बाबा डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "यल्ला, चल, पुढे सांग!"

"पोरीला सगळं इंग्रजी कळतं हो," आई म्हणाली. पहिला गरम घारगा मला मिळाला.

पुढे मी ग्रॅज्युएट झाले, आमच्या घरातली पहिली. काल भोपळा बाजूला ठेवून चिपळूणला बाबांना फोन लावला आणि इतक्या वर्षांनी खरं सांगून टाकलं.

"मग मी काय वीस वर्षं सुपरवायझरच्या शिव्या मराठीत खाल्ल्या?" बाबा म्हणाले. "मला तेव्हाच कळलं होतं. पण टीव्हीवरच्यापेक्षा तुझा सांगाडा भारी होता."