पगारातली कपात

मी जालन्यातल्या सळ्यांच्या मिलमध्ये फिटर होतो, तेव्हा दर महिन्याला पगारातून विम्याचे पैसे कापले जायचे. रक्कम चहापाण्याएवढी, पण माझा तिळपापड व्हायचा. बायको मात्र ते पैसे वसूल करायची. शिंक आली की कामगार विम्याचा दवाखाना. गुडघा कुरकुरला की दवाखाना. दवाखान्याच्या बाजूला, नवीन जालन्यात काही काम निघालं, तर जाता जाता रक्तदाबही मोजून यायची. मी चिडवायचो, "तुला आता डॉक्टरांनीच मस्टरवर घ्यावं."

"पगारातून कापून राह्यलेत न? मंग फुकट सोडू का?" ती फणकारायची.

नऊ वर्षांनी मी नोकरी सोडून त्याच मिलच्या दुरुस्तीचा ठेका घेतला. तेच पाने, त्याच मशिनी, फक्त हाताखाली चार माणसं. पहिलं बिल निघालं तेव्हा पेढे आणले. मजुरी, सामान सगळं जाऊन पगाराच्या दुप्पट उरत होते. मी कागदावर दोन्ही हिशेब शेजारी शेजारी मांडून तिला दाखवले. म्हटलं, "बघ, आता कोणी एक रुपया कापणार न्हाई." किती मिजाशीत म्हणालो होतो! आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

बिल दोन-तीन महिन्यांनी पास व्हायचं, मजुरी मात्र दर शनिवारी द्यावी लागायची. ते पैसे ती वेगळ्या डब्यात ठेवू लागली. त्या डब्याला मी हात लावलेलाही तिला खपत नसे. विम्याचं कार्ड संपलं आणि तिचा दवाखानाही बंद झाला. मला वाटलं, चला, बाईची खोड गेली. खरं सांगतो, मला बरंच वाटलं.

छातीतली गाठ तिच्या हाताला दिवाळीआधी लागली होती. मला सांगितलं होळीनंतर, तेही दुखण्यानं हात वर जाईना म्हणून. मी तिच्यावरच ओरडलो, "इतके दिवस बोलली का न्हाईस?"

"बिल अडकल्तं न तुमचं. डब्यातले पैसे तर माणसांचे. आता समदा खर्चा खिशातून. म्हटलं, बिल निघालं की जाऊ."

"बिल तर संक्रांतीलाच निघाल्तं!"

"तवा तुम्ही वेल्डिंगची मशीन घेतल्ती," ती म्हणाली. आवाजात तक्रार नव्हती.

छत्रपती संभाजीनगरच्या मोठ्या डॉक्टरांनी फार उशीर झाल्याचं सांगितलं. मी उपचारासाठी मशीन विकली, पण वेळेत दाखवलं असतं तर ती विकायची गरजच नव्हती. सुरुवातीला दाखवायला लागले असते तेवढे पैसे आमच्याकडे कायम होते. ते तिचेही आहेत, हे तिला सांगायचं राहून गेलं. आषाढात ती गेली.

परवा मिलमधल्या एका फिटरनं विचारलं, "काका, नोकरी सोडून ठेका घेऊ का?" मी कागद घेतला, दोन्ही हिशेब मांडले. ठेक्यात आजही दुप्पट सुटतात, खोटं कशाला बोलू? मग म्हटलं, "घे, पण विम्याला कापतात तेवढे पैसे दर महिन्याला बायकोच्या हातात दे. सांग तिला, हे दवाखान्यातच वसूल करायचे."

तो हसला. त्याला गंमत वाटली असावी. एवढं साधं मला तेव्हा सुचलं असतं, तर आज ती गुडघा धरून माझ्याशी भांडत बसली असती.