भावोजींचा खर्ज

माझे भावोजी जेवताना तीनदा उठायचे. एकदा पाण्यासाठी, एकदा उगाच, आणि एकदा बैठकीच्या खोलीत जाऊन भिंतीवर बोटांची पेरं आपटून बघायला. "ही भिंत पोकळ वाजते," तोंडातला घास न गिळताच ते सांगायचे. ताई म्हणायची, "अहो, भिंत कुठे पळून जात नाहीये. आधी जेवा." लोकांच्या पायाला भिंगरी असते, यांच्या सगळ्या अंगालाच होती.

वीस वर्षं ते लिफ्टदुरुस्तीच्या कामाला होते. गच्चीवरच्या यंत्रखोलीत डोळे मिटून उभे राहायचे आणि मोटरीच्या घुमण्यावरून सांगायचे, डावीकडचं बेअरिंग महिन्याभरात जाणार. ते जायचंच. एकदा एका नाट्यगृहात रंगमंचाखालची लिफ्ट अडकली म्हणून त्यांना बोलावलं. हे खड्ड्यात पाना घेऊन बसलेले आणि वर तालीम चाललेली. तेवढ्यात कोणीतरी एका मोठ्या ढोलावर एकच ठोका मारला. "ऐकू आला असं म्हणता येणार नाही गं," ते मला म्हणाले होते. "आला. तळपायातून चढला आणि बरगडीत जाऊन बसला." घरी येऊन त्यांनी तसलीच एक ध्वनिफीत लावली, तर स्पीकरमधून पत्र्याच्या डब्यावर थाप मारल्यासारखा आवाज. त्या दिवसापासून त्यांनी आमचं कोणाचं स्वास्थ्य राहू दिलं नाही.

त्यांना हवा होता खर्ज. गवयाचा असतो त्याच्याही खालचा. सेकंदाला वीस-पंचवीस कंपनं, इतक्या खोलातला. कानाला तो जेमतेम कळतो, बाकीचं काम अंगच करतं. तो काढायचा तर पुष्कळ हवा ढकलावी लागते. त्यासाठी परातीएवढ्या पडद्याचा, अठरा इंची स्पीकर लागतो आणि तो बसवायला दगडासारखा निबर लाकडी डबा. सबवूफर म्हणतात तो हा. भावोजी जाड प्लायवूडचे थर एकावर एक चिकटवायचे, आतून आडव्या-उभ्या पट्ट्या ठोकायचे, आणि सांध्यात कुठे फट राहिली आहे का ते बघायला गाल ओला करून सांध्याला लावून बसायचे. गालाला गार वाटलं की फट आहे. मी शिवणकाम करते आणि त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. त्यामुळे डब्यांच्या तोंडावरचं कापड शिवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. ताण चारी बाजूंनी सारखा हवा, नाहीतर कापडच फडफडतं. एकेक कापड मी चार-चारदा उसवलेलं आहे.

घरच्यासाठी त्यांनी पहिली जोडी केली ती कपडे धुण्याच्या यंत्राएवढी. ती कुठे ठेवायची हा प्रश्न सोडवण्याची त्यांची एक रीत होती. आपण जिथे बसतो त्या सोफ्यावर डबा चढवायचा, एकच सूर वाजवत ठेवायचा, आणि भिंतीकडेने रांगत जायचं. जिथे सूर सर्वांत सपाट आणि स्वच्छ लागेल ती डब्याची जागा. विजेचं मीटर बघायला आलेला माणूस उघड्या दारातून डोकावला, तेव्हा भावोजी, माझी भाची आणि मी, तिघंही गुडघ्यांवर होतो.

"काही हरवलंय का?" त्याने विचारलं.

"हो," ताई म्हणाली. "यांची अक्कल. सापडली तर सांगा."

पण जोडी वाजली तेव्हा ताईसुद्धा गप्प झाली. आवाज कुठून येतोय ते कळतच नव्हतं. जमिनीलाच कंठ फुटला होता जणू. लोक ऐकायला येऊ लागले, मग मागायला. भावोजींनी लिफ्टचं काम सोडलं आणि मागच्या खोलीत करवत, शिकंजे आणि सरसाचा वास कायमचा मुक्कामाला आला. गल्लीत त्यांचं नाव पडलं गडगडे. टपालवाला खरंच विचारायचा, "गडगडे वरतीच ना?"

सहा वर्षं अशी गेली. मग काहीतरी बिघडलं.

एका दातांच्या डॉक्टरांनी मागणी देऊन डबा करून घेतला होता. दोन आठवड्यांत ते स्वतः आले. माणूस सभ्य, खुर्चीच्या टोकावर बसला. "रागावू नका," ते म्हणाले, "पण खालचा आवाज फार होतो. बायको त्या खोलीत बसतच नाही. म्हणते, पोटात ढवळतं."

"खोली चुकीची आहे तुमची," भावोजी म्हणाले. "पडदे लावा."

पडदे लावले. तरी तेच. पुढच्या दोन गिऱ्हाइकांनीही तेच रडगाणं गायलं. भावोजींनी एकाला जमिनीचा दोष सांगितला, दुसऱ्याला कानांचा. आणि घरच्या जोडीत मात्र त्यांना खर्ज कमी पडायला लागला. आधी डब्यांच्या भिंती जाड केल्या. मग आतल्या पट्ट्या वाढवल्या. अ‍ॅम्प्लिफायर दुप्पट ताकदीचा आणला. आज एक जागा, उद्या दुसरी. सोफा खिडकीशी, मग दाराशी, मग मधोमध. घरात शिरताना दिवा लावण्याआधी चाचपडावं लागे. "कुठेतरी गळतोय," ते सारखं म्हणायचे. "येतो आणि गळून जातो."

तो गळत नव्हता. आम्हाला तर तो नको इतका येत होता. काचा थरथरायच्या, मांडणीतल्या ताटल्या एकमेकींना कुजबुजायच्या. ताईने आपली खुर्ची स्वयंपाकघरात हलवली. भाची अभ्यासाला माझ्याकडे यायला लागली. ती तेव्हा एकोणीस वर्षांची. एकदा मी तिला म्हटलं, "सांग ना बाबांना." ती म्हणाली, "मावशी, तू सांग." त्यांच्या आनंदाची एकच गोष्ट, तिच्यावर बोट कोणी ठेवायचं? आमचं तोंड बंद राहिलं, याबद्दल मला अजून अपराधी वाटतं.

शेवटी बोलली भाचीच. ताटलीचा एक टवका उडाला त्या दिवशी. आवाज मोजायचा माइक तिने सोफ्यावर उभा केला, संगणकावर आलेख काढला आणि बाबांसमोर धरला. "हे बघा. तीस कंपनांच्या खाली डोंगर झालाय. बारा डेसिबल जास्त आहे, बाबा. बारा!"

"माइक खराब आहे."

दुसरा माइक आणला. तोच डोंगर. तिसरा एका ओळखीच्या ध्वनिमुद्रण करणाऱ्याकडून मागून आणला. पुन्हा तोच. भावोजींनी तिन्ही माइक मेजावर ओळीने मांडले आणि एकेकाकडे असे बघत राहिले, जणू तिघांपैकी कोणीतरी आता खोटं बोलल्याची कबुली देईल.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी मी दुपारी नवं कापड बसवायला गेले. भावोजी एका डब्यापुढे उकिडवे बसले होते. बोटांची टोकं स्पीकरच्या पडद्याला हलकेच टेकवलेली. मी सुई-दोरा काढते तोच त्यांनी विचारलं, "वाजतंय का गं काही?"

"वाजतंय की. हळू आहे, पण घुमतंय."

"आत्ता?"

"आत्तासुद्धा."

त्यांचं बोट पडद्यावर थरथरत होतं. पडदा हलत होता म्हणून. "हात सांगतोय आहे," ते म्हणाले, "आणि कान सांगतोय नाही."

ते उठले, माझ्याकडे पाठ करून खिडकीशी उभे राहिले आणि म्हणाले, "तू कधी चालू कर, कधी बंद कर. चालू झालं वाटलं की मी हात वर करीन."

मी चालू केलं. हात वर झाला नाही. बंद केलं. चालू केलं. बंद असताना हात वर झाला आणि तिथेच राहिला, शाळेत उत्तर येत नसतानाही मुलं धरतात तसा. मी बटण सोडून दिलं. रडू आवरण्यासाठी मी कापडाच्या पिना मोजत बसले.

कान तपासणाऱ्या बाईंकडे मीच घेऊन गेले. जाड दाराच्या लहानशा खोलीत त्यांना बसवलं. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य, "तुमच्या दाराची खालची रबरी पट्टी सैल झालीये. गळतं." बाई हसल्या, पण कागद पुढे ठेवताना हसू मावळलं. बहुतेकांचे वयानुसार वरचे सूर जातात, यांचे खालचे गेले होते, दोन्ही कानांतले, हळूहळू, कित्येक वर्षांत. बोलणं नीट ऐकू येत होतं, म्हणून संशय कोणालाच आला नाही. जितका खर्ज ऐकू येईना, तितका ते वाढवत गेले होते.

"परत येईल?" मी विचारलं.

"नाही. आणखी जाऊही शकतो. हे पुष्कळदा घराण्यातून येतं."

भावोजींचा गुडघा इतका वेळ खालीवर नाचत होता. तो थांबला. "म्हणजे माझ्या मुलीला?"

"येऊ शकतं, नाहीही येणार. दर वर्षी तपासून घ्या."

त्या दिवसापासून भावोजी घरात कमी आणि रस्त्यावर जास्त. बूट घातले की निघाले. कुठे जाता विचारलं तर "येतो." जोडीच्या तारा काढून त्यांनी गुंडाळून ठेवल्या. दाराच्या बिजागऱ्या काढून घासल्या, पंखा उतरवून परत चढवला, चांगला चालणारा नळ खोलला आणि तो गळायला लागला. करायला घेतलेल्या तीन डब्यांना हात लावीनात. दातांच्या डॉक्टरांना एवढीच चिठ्ठी पाठवली, "तुमच्या बायकोचं बरोबर होतं." लिफ्टच्या जुन्या साहेबांकडेही जाऊन आले, पण आत न जाताच फाटकातून परतले. मोटर ऐकल्याशिवाय ते काम कसं करणार होते!

तीन आठवडे हे बघितल्यावर ताईने एका सकाळी भांडी तशीच टाकली, हात पदराला पुसले आणि स्वयंपाकघरातून बाहेर येऊन सोफ्यावर बसली. कित्येक महिन्यांत पहिल्यांदा.

"जोडा त्या तारा," ती म्हणाली. "आणि लावा."

"कशाला? मला कळत नाही आता."

"मला कळतं ना. बहिरे तुम्ही झालात, मी नाही."

मी दारात उभी होते. इतकं सरळ कोणी बोललं नव्हतं. भावोजींनी खाली बसून तारा जोडल्या.

ताईला संगीतातलं ओ की ठो कळत नव्हतं. तिच्याकडे शब्दही तिचेच. "हे पोटात येतंय, छातीत येत नाही." त्यांनी खालच्या सुराचा जोर कमी केला. "आता ठीक, पण ठोका झाल्यावर मागे चिखल राहतो." त्यांनी डबा भिंतीपासून वीतभर पुढे ओढला. "चिखल गेला. पण आता अगदीच उपाशी वाटतंय." भावोजी कधी चिडायचे, "चिखल म्हणजे किती? आकडा सांग!" ती म्हणायची, "बुटाच्या तळाला लागेल एवढा." भाची आलेख काढायची आणि आश्चर्य असं, की ताई जिथे चिखल म्हणे तिथे आलेखात खरंच एक फुगवटा निघायचा. पुढे भावोजींनी एक वहीच केली. डावीकडे ताईचा शब्द, उजवीकडे आकडा.

एका दुपारी ताईने हात वर करून त्यांना थांबवलं. डोळे मिटले होते. गाणं संपल्यावर म्हणाली, "दोन वर्षं मी नुसता धबधबा ऐकला. यात चालही आहे हे मला माहीतच नव्हतं."

भावोजी तोंड फिरवून स्क्रूचा डबा हुडकत राहिले. डबा त्यांच्या हातातच होता.

दातांच्या डॉक्टरांचा सबवूफर ताईनेच त्यांच्या घरी बसून जुळवला. डॉक्टरांच्या बायकोची आणि तिची अशी गट्टी जमली, की दोघींनी मिळून भावोजींना पाच वेळा फर्निचर हलवायला लावलं. इतर दोघांचेही जुळले. आता नवा डबा ताईने "जाऊ दे" म्हटल्याशिवाय घराबाहेर पडत नाही, आणि ती सहजासहजी म्हणत नाही. भावोजी पायातले मोजे काढून जमिनीवर तळवे टेकवून बसतात, डब्यावर पंजा ठेवतात आणि तिच्याशी वाद घालतात. निम्म्या वेळा हरतात. शांत झालेत असं मात्र मुळीच नाही. खालचं एक सबंध सप्तक आपल्याला दुसऱ्याच्या तोंडून ऐकावं लागतं, हे त्यांना अजून टोचतं. चारचौघांत बोलताना ते मध्येच थांबतात आणि विचारतात, "आत्ता खाली काही वाजलं का?"

भाचीची तपासणी यंदा तिसरी. गेल्या मंगळवारी आम्ही तिघं गेलो होतो. ती त्या जाड दाराच्या खोलीत गेली आणि भावोजी व्हरांड्यात फेऱ्या मारायला लागले. अकरा पावलं जायचं, अकरा यायचं. बाकावरचं मासिक उचललं, उलटं धरलं, ठेवलं. मी म्हटलं, "बसा हो जरा." बसले, आणि मी पिशवीतून पाणी काढेपर्यंत परत उभे.

दार उघडलं. भाची बाहेर आली. "ठीक आहे, बाबा. सगळं जसंच्या तसं."

"कागद दाखव."

"अहो, बाईंनी सांगितलं ना..."

"कागद."

तिने कागद दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. खालच्या सुरांकडची रेघ सपाट होती, कुठे खचलेली नव्हती. तिच्यावरून त्यांनी अंगठा डावीकडून उजवीकडे नेला, परत आणला, परत नेला. मग कागदाची नीट चौकोनी घडी करून खिशात घातली आणि जिन्याकडे निघाले. आम्ही दोघी पिशव्या गोळा करेपर्यंत ते खालच्या मजल्यावर पोचून वर ओरडत होते, "चला की! केव्हाचा थांबलोय!"